चिंतामणी मास्तरांचे बिननांगीचे विंचू

…आणि वर लोक विचारतात, "नांगी नाही म्हणजे? कापून ठेवली काय?" आता तुम्हाला सांगतो, विंचवाच्या या जातीलाच नांगी नाही, त्याला चिंतामणी मास्तरांनी काय करावं? शिवून बसवावी? अहो, तिळाएवढा जीव! जुन्या पुस्तकांत राहतो, पुढच्या दोन चिमुकल्या चिमट्यांनी कागदातल्या बारीक उवा धरतो आणि खातो, बस्स! मास्तरांना तो व्याकरणाच्या पुस्तकात सापडला आणि माणूस खुळावला! होमिओपाथीच्या रिकाम्या बाटल्या काय, कापसाचे बोळे काय, रोज भिंग लावून बसणं काय… बायको दुर्गाबाई म्हणाल्या, "नांगी नाही ना? मग असू देत." सोन्यासारखी बाई! पण मादीनं पोटाखाली अंडी धरली आणि मास्तर अंगणातूनच ओरडले, "अगं, दिवस गेले! दिवस गेले!" झालं! शेजारची पार्वतम्मा ओटीचा नारळ घेऊन दारात! दुर्गाबाई लाजून लाल, "अहो, मला नव्हे… विंचवीला!"

सोलापूरच्या सगळ्या बाळीवेशीत बोभाटा. घरमालक शिवलिंगप्पा काठी घेऊन हजर. "मास्तर, विंचू पाळताय म्हणं? खोली रिकामी करा!" मास्तरांनी बिचाऱ्यांनी एक विंचू स्वतःच्या तळहातावर घेतला, भिंग मालकाच्या हातात दिलं. "बघा, नांगीच नाही!" शिवलिंगप्पांनी डोळा लावला… बराच वेळ लावला… आणि किंचाळले, "अय्यो! ह्यो तर ढेकूण की वो!"

आता ढेकूण दिसला, त्याला मास्तरांनी काय करावं?

"विंचू एकवेळ परवडला, चपलेनं मेला की संपला! ढेकूण चाळीत शिरला तर एक भाडेकरू ऱ्हायचा न्हाय. आत्ताच्या आत्ता निघा!"

नुकती जन्मलेली वीस पिल्लं घेऊन माणूस जाणार कुठं हो? मास्तरांनी सगळी विद्या गिळली आणि ओरडले, "ढेकूण नव्हेत! विंचूच! लई जहरी! नांगी… नांगी पोटात असते!"

"मग तसं सांगायचं की आदी! ऱ्हावा की. बूच तेवढं घट्ट लावा." शिवलिंगप्पा दोन पावलं मागं सरकून निघून गेले.

पण आत स्वयंपाकघरात पळी खण्णकन पडली. दुर्गाबाई ट्रंक भरायला लागल्या. "तीन महिने 'नांगी नाही, नांगी नाही' म्हणून खोटं बोललात!"

"अगं, खोटं आत्ता बोललो!"

"आत्ता खोटं बोलणारा माणूस तेव्हा खरं बोलला कशावरून?"

आता याला काय उत्तर द्यावं मास्तरांनी? तुम्ही द्या! बाई वैरागच्या मोटारीत बसल्या, माहेरी गेल्या.

तर तुम्हाला सांगतो, ते विंचू चावत नाहीत हे अख्ख्या सोलापुरात एकाच माणसाला पक्कं ठाऊक आहे… आणि त्याला भाकरी थापता येत नाही.