काचेपलीकडचे जंतू

—नाही रितेशसर, उबेचं कपाट ठीक आहे, तुमचा हातही ठीक आहे. हा प्रयोग पाचव्यांदा केलात ना? तरी जंतू नाही वाढले. तुम्ही बसा, मी उभाच बरा, आज एका जागी टिकता येत नाही मला. मृण्मयीमॅडमनी पहिल्यांदा केला तेव्हा मी इथंच होतो — बावीस वर्षं झाली या लॅबमध्ये काचा धुतोय, मलकपेठहून रोज पहिल्या बसनं. काचेची एक पेटी, मधे भिंत. एका कप्प्यातल्या डबीत धट्टेकट्टे जंतू, दुसऱ्यात खारट खाण्यावर ठेवलेले, अर्धमेले. दोन्ही कप्पे पट्टीनं सीलबंद — इकडचा वास तिकडं जाऊ नये म्हणून. तरी तिसऱ्या दिवशी अर्धमेले वाढायला लागले. मॅडम म्हणल्या, "उमाजी, वास नाही, हवा नाही, मग उरलं काय? आवाज. हे एकमेकांना आवाज देतात." हौ, असंच म्हणल्या. मला खरं वाटलं — अजूनही वाटतं. छापून आलं तेव्हा शेवटी आभारात माझं नाव. इंग्रजीत, पण माझंच. आमच्या लेकीनं, रेणुकानं वाचून दाखवलं, ते पान घरी भिंतीला आहे. आता म्हणे बाहेरून पत्रं येतायत, कुणालाच जमत नाही. मॅडम परेशान आहेत, जेवणाचा डबा तसाच परत नेतात. आणि तुम्ही विचारताय, त्या वेळी काही वेगळं झालं होतं का.

काय होणार? करंट गेला होता, एवढंच. डब्या ठेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचा, तीनेक तास. मॅडम जामबागला कॉलेजात शिकवायला गेलेल्या. उबेचं कपाट थंड पडत चाललेलं — जंतू मेले तर तीन महिन्यांची मेहनत गेली — मी काय करायला पाहिजे होतं, सांगा ना? शेजारच्या खोलीतल्या छोट्या कपाटाला इन्व्हर्टर होता. पण जागा एवढीशी, काचेची पेटी मावेना. म्हणून पट्टी काढली आणि दोन्ही डब्या तिथं ठेवल्या — एकीवर एक. झाकणं होती, सर. सैल होती, पण होती. करंट आल्यावर जिथल्या तिथं, नवी पट्टी लावून. मॅडमना काही वाटलं नाही — म्हणजे, मी सांगितलंच नाही. आधी त्या रागावतील म्हणून. मग नाव छापून आलं म्हणून.

हे लिहू नका तुम्ही. लिहिलंत? असू द्या. वासानंच वाढले असतील का हो ते? — थांबा, जिन्यात मॅडमच्याच चपला वाजतायत. नाही, तुम्ही नका सांगू, मी सांगतो. तुम्ही बाहेर थांबा. दार ओढून घ्या.