पुडीत न आलेली गोळी

टुरिड : तुमच्या आरोग्य कार्यालयानं माझ्या नवऱ्याला, ओड्वारला मारायलाच घेतलं होतं. आता ही नवी गुंडाळी कोणत्या तोंडानं आणलीस?

(नॉर्वेतल्या लोफोटन बेटांवरचं एक स्वयंपाकघर, जुलै. गावाची परिचारिका सिन्नेवे दारातच उभी आहे. हातात यंत्रानं भरलेल्या गोळ्यांच्या पुड्यांची गुंडाळी.)

सिन्नेवे : टुरिड, ते उद्या इस्पितळातून घरी येतायत. औषध आज पोचायला हवं.

टुरिड : पोचायला हवं म्हणे! अकरा वर्षं माणूस रोज साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ते स्टेरॉइड, खातोय. खांदे आखडायचे, शर्ट मला चढवावा लागायचा, म्हणून. त्या गोळीनं खांदे सोडले आणि बाकी सगळं धरलं. तोंड सुजलं, साखर चढली, मणका पिचला. कातडी इतकी पातळ की बोटीचा दोर नुसता घासला तरी रक्त. तक्रार केली आम्ही?

सिन्नेवे : नाही.

टुरिड : मग खोकला झाला. आमचे डॉक्टर सुट्टीवर; सगळा देशच सुट्टीवर. बदली डॉक्टरनं तीस केले, दहा दिवस.

सिन्नेवे : ते बरोबरच होतं. धाप होती त्यांना.

टुरिड : आणि अकराव्या दिवशी?

सिन्नेवे : त्या डॉक्टरांनी साडेसातची जुनी नोंद खोडून त्याच जागी तीसची नवी केली. तिला शेवटची तारीख होती. यंत्रानं तारीख पाळली.

टुरिड : साडेसात नाही, पाच नाही, शून्य! इतकी वर्षं बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवायचं विसरतं. एकदम तोडलं की माणूस कोसळतो. मी जन्मभर मासे साफ केले, मलासुद्धा कळतं हे!

सिन्नेवे : मग घरातल्या जुन्या डबीतली द्यायची होतीत.

टुरिड : डबी? ती तूच उचलून नेलीस, गुंडाळी सुरू झाली तेव्हा. 'आता घरचं डोकं लावायचं नाही.' आणि ओड्वार तसलाच! म्हणे, नाव, तारीख, वेळ, सगळं छापलंय, एवढं छापणारे चुकतील का? तिसऱ्या दिवशी ओकत न्हाणीघरात पडला. नाडी लागेना हाताला.

सिन्नेवे : तुम्ही फोन केला होतात. नोंद आहे.

टुरिड : दोनदा! दोन्ही वेळा तुमच्या कार्यालयाचं उत्तर एकच, 'गुंडाळीत आहे तेच द्या.'

सिन्नेवे : ही मी स्वतः तपासलीय. बघा, रोज सकाळी आठ वाजता. आधी दहा मिलिग्रॅम, मग हळूहळू साडेसात. शेवटची तारीख नाही.

टुरिड : हं. ठेव टेबलावर. बस, कॉफी घे.

सिन्नेवे : अजून चार घरं आहेत.

टुरिड : बस म्हटलं ना. पुन्हा गोळी आली नाही, तर फोन कुणाला करू?

सिन्नेवे : कार्यालयाचा नंबर पुडीवरच—

टुरिड : कार्यालय फोन उचलतं, ऐकत नाही. मला माणसाचं नाव सांग, सिन्नेवे. कोण?