सकाळचा भोंगा

बल्लारपूरच्या स्टँडवर गोंडपिपरीची बस काही येईना. बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या हमीदाबीने मग शेजारच्या दोघी बहिणींच्या बोलण्याकडे कान लावला. गिऱ्हाईक नाही तर नाही, करमणूक तर फुकट!

"मनकर्णाताई, तुही जाऊ रमली का वं जर्मनीत?"

"रमाले काय झालं? देरानं कॉलेजातल्या मास्तरकीतून वर्षभराची सुट्टी काढली अन् साऱ्याइले तिकडं घेऊन गेला. दिवसभर नवरा जवळ, लेकरं जवळ. नवरा भांडेबी घासून देते!"

"अन् आमचे भाऊजी?"

"मिलातल्या रातपाळीहून येते अन् झोपते."

"मजा हाय तिची."

"तरी फोनवर रडते! उठाचा, जेवाचा काई टाइमच नाई राह्यला म्हणे. मिलचा भोंगा कॅसेटमध्ये भरून पाठवा म्हणते. इथी त्याच्यावरच सारं घर चालत होतं न."

"मंग पाठव."

"दुपारचा पाठवीन. सकाळचा नाई देत."

"काऊन? आवाज त एकच हाय!"

"तिले एकच असन. सकाळचा वाजला का तुहे भाऊजी घरी येते."

हमीदाबीने लगेच टोपलीवरचं फडकं बाजूला सारलं.

"बाई, हात द्या इकडे. हिरव्या चुडीचं माप पाहू द्या."