राग येईना म्हणून अडलेलं गाणं

हॅलो?… कोण?… अगं ताई, तू होय. बोल, पण हळू… तू नाही गं, मीच हळू बोलते. इथे रेकॉर्डिंग चाललंय… कुठे म्हणजे? माझ्या बेडरूममध्ये. कपड्यांच्या कपाटात.

थट्टा नाही करत. आमचे चिरंजीव आणि त्यांचा बँड… हो, तेच तिघं. म्हणतात, कपडे नि ब्लँकेटं असली की आवाज घुमत नाही. ह्यांचा लग्नातला कोट माइकच्या मागे टांगलाय… तोच तो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आला.

गाणं?… हल्लीच्या पोरांवर. म्हणजे स्वतःवरच. दुपारपर्यंत लोळायचं, मोबाइल उशाला, आणि काय चाललंय विचारलं की म्हणायचं, 'विचार करतोय'… हो, पॉप रॉक का काय ते. गिटार अशी वाजते की खिडकीची काच थरथरते. पण हसू येतं गं ऐकताना. खरंच येतं.

माझा काय संबंध?… अगं ऐक ना, तेच सांगतेय. परवा ही पोरं कपाटात गात होती. मला काय ठाऊक? मी आपली दार उघडून ओरडले, "उठलास का रे, का आता जेवायलाच उठतोस?" ते गाण्यात गेलं. आणि नेमकं तालावर गेलं. ड्रमवाला म्हणाला, काकू, हेच आपलं धृपद… हो, धृपद. मी. हसून घे.

झालं हसून?… तर मागे स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, त्याने अर्धे शब्द खाल्ले. म्हणून मला परत म्हणायचंय. आणि गाणं आज संध्याकाळपर्यंत रेडिओवाल्यांकडे जायला हवं. त्यांनी नाही घेतलं, तर सोमवारपासून हा आपल्या दादाच्या फरशीच्या दुकानात बसणार, मामाच्या हाताखाली. तसं कबूलच केलंय त्याने.

पण ताई, मला राग येत नाहीये… अगं, सकाळपासून म्हणतेय. एकदा बातम्या दिल्यासारखं आलं, एकदा अंगाई म्हटल्यासारखं. ओरडू कशावर? या गाण्यापायी पोरगा उजाडायच्या आत उठतो. अंथरूण आवरतो. काल कपबश्या विसळल्या… तुझी शपथ. आळसावर गाणं करायला बसले आणि घाण्याला जुंपल्यासारखे राबतायत.

केलं ना, मला चिडवायचं तेही केलं. त्याने मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. मला वाटलं, बिचाऱ्याने माझ्यासाठी टाकलाय, आणि मी उचलून वाळत घातला. बेसवाल्या मुलीने कपाळाला हात लावला.

चेष्टा सोड गं. मला मनापासून वाटतं, हे गाणं लागावं. दादा चांगला आहे, दुकानही चांगलं आहे. पण दोन वर्षं हा पोरगा घरात पाहुण्यासारखा वावरत होता. आता कुठे हसायला लागलाय, आणि सगळं येऊन माझ्या एका ओरडण्यावर अडलंय.

हं?… काय म्हणालीस?… परत सांग… परीक्षेचा शेवटचा पेपर? दिला की. निकाल लागायचाय अजून… दिलाच नाही?… मग कुठे होता?… तुझ्याकडे? सोफ्यावर झोपला होता?… आणि हे तू मला आज सांगतेस?

थांब. फोन ठेवू नकोस.

ए, बाहेर ये… तू नाही गं ताई. तू, कपाटातून बाहेर ये. पेपरच्या दिवशी मावशीकडे झोपा काढतोस? वर्षभर मी घसा कोरडा केला तो यासाठी? 'उठलास का रे, का आता जेवायलाच उठतोस', रोज, रोज तेच म्हणायचं मी? हसतोस काय? मी काय विनोद सांगतेय?… आणि या मुलीला काय झालं नाचायला?

ताई, हे एकमेकांना मिठ्या मारतायत… कसला टेक रे?… मिळाला म्हणजे काय मिळाला?… माझं ओरडणं रेकॉर्ड केलंत?

…

ताई, तूही हसतेस?… पेपर दिला होता ना त्याने?… म्हणजे यानेच तुला फोन करायला लावला. आणि तू, माझी सख्खी बहीण, इतकं सराईत खोटं… थांब, बसू दे मला.

बसले… नाही, रडत नाहीये. जीव भांड्यात पडला गं, एवढंच… हो, तुझ्याशी मी नंतर भांडणार आहे. सवडीने.

हा ऐकवतो म्हणतोय. तूही ऐक, फोन तिकडे धरते… लाव रे.

…

ऐकलंस?… माझा आवाज? कुणासारखा?

…हो गं. आईसारखाच. ओरडताना शेवटी तिचा आवाज असाच वर जायचा. लोळायचीस तू आणि बोलणी मी खायचे… मला कधी कळलंच नाही, माझ्याकडे तिचा आवाज आहे.

काय?… परत लावायला सांगू? पाठवायला उशीर होतोय म्हणतायत… होऊ दे थोडा. ए, लाव रे परत एकदा, मावशीला ऐकायचंय… हो, पहिल्यापासून… ऐक तू. संपलं की ठेवते.