बंद खोलीतली ओली भिंत

मी विश्वेश्वर काशीनाथ पाटणकर, वय ६१, धंदा पौरोहित्य, राहणार दूधविनायक, वाराणसी. आज ठाण्यात येऊन, मराठी जाणणाऱ्या हवालदारांसमोर जबाब देतो की,

वरील ठिकाणी आमचे पिढीजात दगडी घर आहे. घरात मी, पत्नी मधुवंती आणि मुलगा मुकुल असे राहतो. पत्नीचे गुडघे गेल्याने ती जिना चढत नाही. खालच्या दुकानात मुन्नालाल केशरी हा जुना भाडेकरू आहे. हा माणूस मला कधीच पटला नाही. तोंडावर गोड बोलतो आणि डोळा सगळा जागेवर.

पावसाळा संपल्यावर दुकानावरच्या मागील खोलीची भिंत ओली होऊ लागली. छत कोरडे, जवळपास नळ नाही. भिंत फुगली तर नगर निगम घर जर्जर ठरवून आम्हाला बाहेर काढील, ही भीती. मुन्नालालला ओलीचा जाब विचारला तर हसत म्हणाला, "पंडितजी, दीवार आपकी, सीलन भी आपकी, हम का करें?" मुकुलला सांगितले तर तो म्हणाला, "बाबा, कशाला झंझट? विकून टाकू. फ्लॅट में आराम से रहेंगे." मी त्याला गप्प बसवले.

त्या खोलीत घटस्थापनेसाठी मी पत्रावळीवर माती आणि धान्य मांडून ठेवले होते. त्याच संध्याकाळी सुतक आले. घट बसले नाहीत, पत्रावळ जमिनीवर कोरडीच राहिली आणि मी खोलीला कुलूप लावले. किल्ली माझ्या जानव्याला असते. आज सकाळी उघडले तर कुलूप शाबूत, भिंत निथळत होती आणि धान्याला पिवळे कोंब आले होते. कोणी तरी आत पाणी ओतत आहे. मुन्नालालचे नाव घेऊन मी तडक इथे आलो.

पत्रावळ कुठे होती, असे हवालदारांनी विचारले. मी म्हणालो, पाटावर. जमिनीवरून पाटावर कोणी ठेवली, असे त्यांनी विचारले. मुन्नालालने ती पायाने बाजूला सारली असती. देवीची माती भिजली म्हणून पाट शोधून तिला उचलून ठेवण्याचे वळण आमच्या घरातले आहे. ते मीच लावले. मी पाणी मागितले.

कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, या प्रश्नावर मी सांगतो की ती हरवली आहे. मुन्नालालविरुद्ध माझी तक्रार नाही. माझा कोणावरही संशय नाही.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. पुढे काही विचारायचे झाल्यास मला बोलवावे. मुकुलला बोलावू नये.