चालू कंट्रोलर बंद केला तेव्हा

आता हसू येतं, पण ती दुपार सोपी नव्हती. तेव्हा परदेशी गिऱ्हाईकं नुकतीच आमच्या हैदराबादच्या औषध कारखान्यात येऊ लागली होती. औषधाचा माल ज्यात तयार होतो त्या रिअॅक्टरचं तापमान सांभाळायला दोन कंट्रोलर होते. एक बंद पडला की दुसऱ्याने लगेच काम हाती घ्यायचं. तो प्रोग्राम मी लिहिलेला. अशाच एका गिऱ्हाईक कंपनीचा इथला साहेब तपासणीला आला होता. तो म्हणाला, "एक बंद करून चालू मालावर दाखवा."

ऑपरेटर रहमानभाई मला हळूच म्हणाले, "नक्को मॅडम, माल खराब हो जाता."

मी चालू कंट्रोलरची वीज तोडली. पडद्यावर तापमानाची रेघ सरळच चालत राहिली.

साहेबाने घड्याळ बघत विचारलं, "मग, कधी बंद करताय?"

मी तोंड उघडायच्या आत रहमानभाईच ताठ उभे राहून म्हणाले, "मॅडम कब का बंद कर दिये, साब."