भट्ट्या पेटत्या, डॉक्टर निघाल्या

समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख ओपुबोसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर इबिफुरो, आणि या खाडीकाठच्या माझ्या माणसांनो, सर्वांना सविनय नमस्कार.

तुमची जुनी मुख्याध्यापिका म्हणून मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. प्रयत्न करते. पण सकाळी या टेबलावर अंथरलेलं पांढरं कापड आत्ताच करडं झालंय, तिथे गोड तरी किती बोलायचं?

खारफुटीत चोरीचं कच्चं तेल उकळणाऱ्या भट्ट्या कुणाच्या, हे इथे कुणाला ठाऊक नाही? वर्गात मी शिकवायचे: कार्बन अर्धवट जळला की विषारी वायू होतो, काजळी होते, तिचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. मुलं धडा पाठ म्हणायची, मध्येच खोकायची, आणि घरी जाऊन त्याच धुरात झोपायची. काय उपयोग त्या धड्याचा?

डॉक्टरांचा धाकटा भाऊ सोकारी समोर बसलाय. त्याला विचारूनच सांगते. त्याचीही भट्टी होती. एका दुपारी तो लेकीला, बोमाला, खांद्यावर टाकून दवाखान्यात धावत आला. पोरीला श्वास घेववेना, ओठ निळे पडलेले. डॉक्टरांनी तिला प्राणवायू लावला. पोर सावरली, तसा हा म्हणतो, "ताई, नेऊ घरी?"

"आधी भट्टी विझव, मग ने."

"आणि खायला काय घालू? तुझी व्याख्यानं?"

"गारीच्या पिठाचं पोतं मी पाठवीन. पोर नाही पाठवणार."

यानं दारात उभं राहून बहिणीचा उद्धार केला. दोघांच्या आईनंही डॉक्टरांनाच सुनावलं, "भावाच्या पोटावर पाय देतेस?" डॉक्टर हलल्या नाहीत. बोमा खिडकीतून बापाला हाका मारायची, आणि आत या तोंड फिरवून डोळे पुसायच्या. अखेर सोकारीनं स्वतःच्या हातानं भट्टीची पिंपं फोडली. आता तो होडीनं माणसं वाहतो. पोर घरी आहे.

एक भट्टी विझली. बाकीच्यांचं काय? ओपुबोसाहेब, कपाळाला आठ्या नकोत, मी कुणाचं नाव घेत नाहीये.

पत्रिकेत छापलंय, 'डॉक्टर निवृत्त होत आहेत.' निवृत्तीचं वय तरी आहे का हो त्यांचं? आपल्या छात्या तपासता तपासता त्यांचीच छाती भरली. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, म्हणून त्या जोसच्या पठारावर, बहिणीकडे निघाल्यात. आपण धूर करायचा, आणि जिनं तो सोसला तिला भारी कापडाचा आहेर करायचा! वा रे आपण!

डॉक्टर, तुमचे उपकार मोठे आहेत. संयोजकांचे आणि पहाटेपासून रांधणाऱ्या बायकांचेही आभार. माझी जीभ कुणाला टोचली असेल तर लहान-मोठ्यांनी मला पदरात घ्यावं. धुराची माफी मात्र, गावकऱ्यांनो, मी तुमच्या वतीनं मागणार नाही. डॉक्टर अजून तासभर इथेच आहेत. ज्याची भट्टी, त्यानं उठावं.